बीडीएनएफ वाढतं खरं, पण कुणाच्या बाजूने?

तुमचा प्रश्न लांब होता, म्हणून आधी त्याचा गाभा मांडतो. वय ४७. आठवड्यातल्या चार संध्याकाळी व्हिस्कीचे दोन पेग, त्याच्या वर कधी नाही. लिव्हरचे रिपोर्ट चांगले, कामात खंड नाही. कुठेतरी वाचलंत की बेताची दारू मेंदूत बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढवते, हे प्रथिन चेतापेशींना खतपाणी घालतं, शिवाय थोडी दारू मेंदूतला कचराही धुऊन काढते. मग तुम्ही विचारता : माझं प्रमाण मेंदूला पोषकच म्हणायचं ना? आणि तसं असेल तर पहाटे तीनला जाग का येते, माणसांची नावं ऐनवेळी जिभेवर का अडतात?

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. २२ वर्षं मुख्यतः पिणाऱ्या माणसांबरोबर काढली आहेत, टेबलाच्या या बाजूला बसून. बीडीएनएफचा मुद्दा अलीकडे बरेच जण घेऊन येतात, आणि गंमत म्हणजे ते जे सांगतात ते खोटं नसतं. वाढ होते. पण ती मेंदूच्या ज्या कोपऱ्यात होते तिथे त्या प्रथिनाचं काम तुमचा पुढचा पेग रोखणं हे आहे. दारूने दिलेलं ते पोषण नाही, दारूला होणारा तो विरोध आहे. यावर नीट बोलू, पण आधी मापाचं.

'बेताची' या शब्दातच निम्मा घोळ आहे. माझ्या टेबलाच्या खणात एक पारदर्शक मोजपेला असतो. 'डॉक्टर, दोनच घेतो' म्हणणाऱ्या माणसापुढे मी एक साधा ग्लास आणि पाण्याचा जग ठेवतो आणि सांगतो, घरी ओतता तसं ओता. तो ओततो, थांबतो, माझ्याकडे बघतो, आणि बहुतेक वेळा आणखी एक बारीक धार सोडतो. मग ते पाणी मोजपेल्यात घालायचं. बरोब्बर ३० मिली निघाल्याचं मला क्वचितच आठवतं. ६० नेहमीचं, ७५ झालं तरी मला नवल वाटत नाही. ओतणारा खोटं बोलत नसतो. ग्लास रुंद असला की हाताचा अंदाज चुकतो, एवढंच.

आता तुमचा हिशोब करा. ४० टक्क्यांच्या दारूच्या ३० मिलीत शुद्ध अल्कोहोल साधारण साडेनऊ ग्रॅम असतं. तुमचे दोन पेग खरोखर छोटे असतील तर आठवड्याचे झाले ७६ ग्रॅम. ६० चे असतील तर १५२. आणि हात ७५ चा असेल तर १९० च्या आसपास. माणूस तोच, वाक्य तेच, आणि आकडा अडीच पट. ब्रिटनमध्ये एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम. २०१६ पासून तिथला सल्ला आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका असा आहे, म्हणजे ११२ ग्रॅम. अमेरिकेत एक ड्रिंक १४ ग्रॅमचं धरतात, ऑस्ट्रेलियात १० ग्रॅमचं. २०२३ मध्ये कॅनडातल्या तज्ज्ञांनी कमी जोखमीची रेघ आठवड्याला दोन ड्रिंकवर आणून ठेवली. त्यामुळे एखाद्या बातमीत 'मर्यादित मद्यपान' असं वाचलंत की पहिला प्रश्न हाच : कुणाच्या मापाने? तुम्ही स्वतःला त्या शब्दात बसवता तेव्हा तुमचा ग्लास मोजलेला असतोच असं नाही.

मेंदूत गेल्यावर काय होतं ते आता. निकोटिनला मेंदूत स्वतःचं कुलूप आहे, अफूलाही आहे. दारूला असं एक ठरलेलं कुलूप नाही. रेणू इतका छोटा की पाणी जिथे जाईल तिथे तो जातो आणि जाईल तिथे थोडी ढवळाढवळ करतो. त्यातल्या दोन ढवळाढवळी मोठ्या. गाबा हे मेंदूला शांत करणारं रसायन. दारू त्याच्या रिसेप्टरचं, म्हणजे पेशीवरच्या कुलपाचं, काम वाढवते. ग्लुटामेट हे जागं ठेवणारं, शिकवणारं रसायन. त्याचा एनएमडीए नावाचा रिसेप्टर दारू दाबून धरते. हे दुसरं १९८९ मध्ये प्रयोगशाळेत नीट दिसलं, आणि तेही बेशुद्धीच्या मात्रेला नाही, माणूस बसून गप्पा मारू शकेल एवढ्या मात्रेला. म्हणजे शांततेचा आवाज चढवायचा आणि जागेपणाचा उतरवायचा, दोन्ही एकाच वेळी. खांदे सैल पडतात ते यामुळे.

पहिल्या ग्लासाला माणूस शांत व्हायच्या ऐवजी बोलका होतो, त्याचं कारण वेगळं. मेंदूचा पुढचा भाग जी सतत आवराआवर करत असतो ती आधी ढिली पडते. त्याच सुमारास मेंदूतली स्वतःची अफू, म्हणजे एंडॉर्फिन, सुटते आणि बक्षीस-केंद्रात डोपामिन वाढतं. हे निव्वळ उंदरांवरून सांगत नाही. २००३ मध्ये निरोगी माणसांना दारू पाजून मेंदूतली रसायनं टिपणारे पेट स्कॅन केले तेव्हा डोपामिनची वाढ दिसली, आणि २०१२ मध्ये तशाच पद्धतीने एंडॉर्फिनचीही. नाल्ट्रेक्सोन हे औषध याच जागेवर काम करतं : अफूचे रिसेप्टर आधीच अडवले की पहिल्या घोटाची ती लाट फिकी पडते.

एक निरीक्षण मला फार बोलकं वाटतं. २००६ मध्ये अमेरिकी संशोधक नोरा व्होल्को यांच्या गटाने निरोगी लोकांना वजनाच्या किलोमागे पाव ग्रॅम आणि अर्धा ग्रॅम दारू दिली. ७० किलोच्या माणसाला पाव ग्रॅम म्हणजे साडेसतरा ग्रॅम, तुमचे दोन छोटे पेगसुद्धा नाहीत. मेंदूचा ग्लुकोजचा वापर पहिल्या मात्रेला सुमारे १० टक्क्यांनी आणि दुसऱ्या मात्रेला सुमारे २३ टक्क्यांनी घटला. लहान मात्रेला तर त्या लोकांच्या वागण्यात फारसा फरकही दिसत नव्हता. 'मला काहीच होत नाही' हे म्हणणं आणि मेंदूला काहीच न होणं, या दोन गोष्टी किती लांब आहेत ते इथे कळतं.

मग त्या वेळात मेंदू जळण म्हणून काय वापरतो? काही अंशी ॲसिटेट. लिव्हर दारू फोडतं तेव्हा आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, त्याचं पुढे ॲसिटेट, आणि ते रक्तातून मेंदूत पोचतं. आणि ते फक्त जळतच नाही. २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांना खुणेचे अणू घातलेली दारू दिली आणि त्या खुणेचा माग काढला. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनवर, हिप्पोकॅम्पस या आठवणी घडवणाऱ्या भागात, त्या खुणा सापडल्या. म्हणजे प्यालेल्या दारूचा तुकडा अक्षरशः जनुकांच्या दांडीला चिकटलेला, आणि त्याने आठवणींशी निगडित जनुकं जागी केलेली. कोणत्या आठवणी? दारू जिथे मिळाली त्या जागेच्या. हा रस्ता बंद केला तेव्हा उंदीर ती जागा लक्षात ठेवेनासे झाले. ठरलेली खुर्ची, ठरलेला ग्लास, घड्याळात साडेआठ, आणि तोंडाला सुटलेलं पाणी : हे सगळं मनोबळ कमी पडल्यामुळे होतं असं मला वाटत नाही. मेंदूने ते मन लावून पाठ केलेलं असतं, आणि पाठांतराला लागणारा माल दारूनेच पुरवलेला असतो.

आता तुमचं पहाटेचं तीन. शरीर दारू तासाला साधारण ७ ग्रॅम या वेगाने संपवतं, माणसागणिक थोडं इकडेतिकडे. तुम्ही साडेआठला बसलात आणि दोन पेग ६० चे असतील तर ३८ ग्रॅम झाले, म्हणजे साडेपाच तास. दोन वाजता रक्त साफ. पण मेंदूने संध्याकाळभर एक काम केलेलं असतं : गाबाचा आवाज वाढलाय म्हणून स्वतःकडून तो कमी केलेला असतो, ग्लुटामेट दबलंय म्हणून त्याचा जोर वाढवलेला असतो. दाराला बाहेरून कुणी रेटत असेल तर आपण आतून रेटतो, आणि बाहेरचा माणूस एकदम बाजूला झाला की आपण दारासकट बाहेर पडतो. दोन-अडीचला नेमकं तेच होतं. हृदयाचे ठोके वाढलेले, घसा कोरडा, डोळे टक्क उघडे, आणि डोक्यात उद्याच्या कामाची यादी. आधी गाढ वाटलेली झोपही उसनी होती : रात्रीच्या पहिल्या अर्ध्यात दारू स्वप्नांची झोप, म्हणजे आरईएम, दाबते, आणि दुसऱ्या अर्ध्यात ती तुटक-तुटक उसळून येते. नावं न आठवण्याबद्दल विचाराल तर मी पहिलं बोट या झोपेकडे दाखवीन. चाळिशी ओलांडल्यावर नावं अडखळतात ती न पिणाऱ्यांचीही, पण आठवड्यातल्या चार रात्री मोडलेल्या असताना वयाला दोष देणं घाईचं ठरेल.

बीडीएनएफ. पेशींना वाढायला आणि जगायला मदत करणाऱ्या प्रथिनांच्या, म्हणजे ग्रोथ फॅक्टरच्या, घराण्यातलं हे एक. त्यातलं पहिलं, एनजीएफ, शोधणाऱ्या रीता लेव्ही-मॉन्टालचिनी आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. बीडीएनएफ १९८२ मध्ये डुकरांच्या मेंदूतून वेगळं काढण्यात आलं. चेतापेशींमधले जोड घट्ट करणं, नवीन फांद्या फुटू देणं, शिकलेलं पक्कं करणं, ही त्याची कामं. म्हणून सगळे त्याच्या प्रेमात. व्यायामाने वाढतं, नैराश्यात कमी दिसतं, म्हणजे जे वाढवील ते चांगलं, असा सरळ हिशोब लोक मांडतात.

हा हिशोब जिथे मोडतो ती जागा म्हणजे स्ट्रायटम, मेंदूच्या मधोमध बसलेलं सवयींचं कोठार. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत डोरिट रॉन यांच्या प्रयोगशाळेने या प्रश्नावर २००४ च्या आधीपासून काम केलं आहे. उंदरांना थोडी दारू मिळाली की पेशीतलं रॅक-१ नावाचं प्रथिन केंद्रकात जातं आणि स्ट्रायटममध्ये बीडीएनएफचं उत्पादन वाढतं. इथवर तुम्ही वाचलेलं बरोबर. पुढचं तुमच्या लेखात बहुधा नव्हतं. ज्या उंदरांमध्ये जन्मतःच बीडीएनएफ निम्मं असतं ते इतरांपेक्षा जास्त पितात. स्ट्रायटममध्ये बीडीएनएफ वाढवलं की पिणं कमी होतं. म्हणजे प्यायल्यावर वाढणारं हे प्रथिन उंदराला सांगत असतं, 'पुरे'. शास्त्रीय भाषेत याला समतोल राखणारी यंत्रणा म्हणतात. मी पेशंटला लगाम म्हणतो. आणि लगाम ताणला गेलाय हे पाहून घोड्याची तब्येत सुधारली असं कुणी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट, हा लगाम झिजतो. तेच उंदीर आठवड्यांमागून आठवडे पीत राहिले की दारूने बीडीएनएफ वाढणं थांबतं, आणि मेंदूच्या बाह्य थरात तर ते खाली जातं. दारू बंद केल्यावरही काही काळ खालीच राहतं. यामागची एक कळ सापडली आहे : जास्त पिण्याने काही सूक्ष्म आरएनए वाढतात, आणि ते बीडीएनएफ बनवण्याचा निरोपच मधल्यामध्ये दाबून टाकतात. म्हणजे 'बेताची दारू बीडीएनएफ वाढवते' आणि 'दारू बीडीएनएफ घटवते' ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, एकाच कथेची आधीची आणि नंतरची पानं. तुम्हाला दाखवलं गेलं ते आधीचं. पहिल्या पानावरून दुसऱ्यावर आपण नेमके कधी गेलो हे सांगणारी घंटा कुठेही वाजत नाही, आणि माझ्या धंद्यातली निम्मी अडचण हीच आहे.

तिसरी गोष्ट, लगाम सगळ्यांचा सारखा नसतो. बीडीएनएफच्या जनुकात एक सर्वसाधारण फरक आढळतो, एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं, आणि जगात कोट्यवधी निरोगी माणसांमध्ये तो आहे. या फरकाने बीडीएनएफ पेशीतून बाहेर पडायला जरा आळस करतं. उंदरांमध्ये तसाच फरक घडवला तेव्हा ते दारूत कडू क्विनाइन मिसळल्यावरही पीत राहिले. इतरांनी तोंड फिरवलं. कडू लागतंय, नकोसं आहे, तरी हात जातोय : हे वर्णन मी माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की तो शोधनिबंध वाचताना थोडा वेळ थांबलो होतो. (जनुक तपासून घेऊ का, असं लगेच विचारू नका. त्या रिपोर्टवरून मी तुम्हाला देणारा सल्ला बदलणार नाही.)

बीडीएनएफ मेंदूत कुठे वाढतं यावर सगळं अवलंबून आहे, याचा आणखी एक दाखला अमिग्डालात मिळतो. हा भाग भीती आणि अस्वस्थता सांभाळतो. शिकागोत सुभाष पांडे यांच्या गटाने दाखवलं की दारू मिळाल्यावर उंदरांच्या अमिग्डालात बीडीएनएफ आणि त्याच्या हाताखालचं आर्क नावाचं प्रथिन वाढतं, चेतापेशींवर नवीन काटे (दुसऱ्या पेशीशी जोडायच्या जागा) फुटतात आणि त्यांची चिंता उतरते. मग सवय झालेल्या उंदरांची दारू काढून घेतली की तेच सगळं उलटं फिरतं : बीडीएनएफ खाली, काटे कमी, चिंता मूळ पातळीच्याही वर. संध्याकाळच्या निवांतपणाचं आणि सकाळच्या विनाकारण धडधडीचं मूळ एकाच जागी. 'टेन्शन घालवायला घेतो' म्हणणाऱ्या माणसाचं टेन्शन वर्षागणिक का वाढत जातं, याचं इतकं नेमकं चित्र मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही. इथे बीडीएनएफ लगाम नसून आमिष आहे. रेणू तोच, पत्ता बदलला की अर्थ बदलला.

भावकीतला आणखी एक रेणू, जीडीएनएफ. हा डोपामिन बनवणाऱ्या पेशींना सांभाळतो. उंदरांच्या मेंदूत त्या पेशींच्या गाभ्याजवळ तो सोडला तर काही मिनिटांतच पिणं घटतं. २०२३ मध्ये भरपूर पिण्याची सवय लागलेल्या माकडांना जीनथेरपीने मेंदूत याच रेणूचा कायमचा पुरवठा करून दिला. मधूनमधून दारू बंद ठेवून पुन्हा समोर ठेवली, तेव्हा त्यांचं पिणं ९० टक्क्यांहून जास्त घटलं. मेंदूत शस्त्रक्रिया करावी लागते, म्हणून हे उद्या तुमच्या-माझ्यासाठी येणार नाही. पण दिशा पाहा : ग्रोथ फॅक्टर भरपूर असले की दारू नकोशी होते, असं ते माकड सांगतंय. तुम्ही वाचलेल्या वाक्याचा बाण नेमका उलटा आहे.

नवीन पेशींबद्दल थोडक्यात, कारण इथे निष्कर्ष एकमेकांशी भांडतात. २००५ मध्ये स्वीडनमधल्या एका प्रयोगात बेताची दारू पिणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नवीन पेशी वाढल्या. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या रट्गर्स विद्यापीठात मोठ्या उंदरांना दोन आठवडे रोज, गाडी चालवण्याच्या तिथल्या कायदेशीर मर्यादेच्या आसपास रक्तातली पातळी राहील एवढी दारू दिली, आणि नवीन पेशी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. हालचाली आणि साधं शिकणं त्या दोन आठवड्यांत बिघडलेलं दिसलं नाही, म्हणजे उंदरालाही 'मला काहीच होत नाही' असंच वाटलं असणार. त्यातून प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नवीन चेतापेशी बनतात का यावरच २०१८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन मोठे शोधनिबंध आले, एक नाही म्हणणारा आणि एक हो. ज्या घराचा पाया वादात आहे त्याच्या रंगावर मी वेळ घालवत नाही.

कचरा धुण्याची बातमीही २०१८ चीच. मेंदूतून पाणी खेळवून टाकाऊ प्रथिनं बाहेर काढणारी जी व्यवस्था आहे ती किलोमागे अर्धा ग्रॅम दारूने उंदरांमध्ये सुधारली, आणि दीड ग्रॅमने मंदावली. बातम्यांनी पहिला निम्मा उचलला. ही व्यवस्था जोरात चालते ती गाढ झोपेत, हेही तिथे लिहायला हवं होतं. झोप मोडून मोरी धुण्यात काय हशील? रेड वाइनमधल्या रेस्वेराट्रॉलचंही तसंच. लिटरमागे काही मिलिग्रॅम एवढंच ते असतं, आणि प्रयोगांत माणसांना गोळ्यांतून शेकडो मिलिग्रॅम दिलं जातं.

आता माणसांचं. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या व्हाइटहॉल या सरकारी नोकरांवरच्या अभ्यासातल्या ५५० लोकांचे एमआरआय प्रसिद्ध झाले. त्यांच्या पिण्याच्या नोंदी ३० वर्षांच्या होत्या आणि दारूचं व्यसन असलेला त्यात कुणी नव्हता. आठवड्याला १४ ते २१ युनिट घेणाऱ्यांत हिप्पोकॅम्पस आक्रसल्याची शक्यता न पिणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघाली. अगदी थोडं पिणाऱ्यांना न पिणाऱ्यांपेक्षा काही फायदा दिसला नाही. जास्त पिणाऱ्यांत एका मिनिटात एका अक्षराने सुरू होणारे शब्द सांगण्याची क्षमताही वर्षांगणिक वेगाने घटली होती. वर आपण केलेला हिशोब आठवा : तुमचे दोन पेग ६० चे असतील तर तुमचे युनिट होतात १९. २०२२ मध्ये यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य-नोंदींच्या साठ्यातल्या ३६ हजारांहून जास्त लोकांवर हेच पाहिलं गेलं. पन्नाशीच्या माणसाने रोजच्या एका युनिटवरून दोनवर जाणं म्हणजे मेंदूचं वय दोन वर्षांनी वाढल्यासारखं, दोनवरून तीनवर म्हणजे साडेतीन वर्षांनी. चढण सरळ नाही, वर जाईल तशी ती उभी होत जाते.

मग 'थोडं पिणाऱ्यांना डिमेन्शिया कमी' असं इतकी वर्षं कसं काय छापून येत होतं? तेही आकड्यांतूनच आलं होतं. पण 'न पिणारे' या रकान्यात तब्येत बिघडल्यामुळे सोडलेलेही बसतात, आणि सगळा रकानाच आजारी दिसतो. ब्रिटनमध्ये १९८८ मध्येच हे कुणीतरी दाखवून दिलं होतं. ऐकायला लोक तयार नव्हते, कारण न ऐकणं जास्त चविष्ट होतं. अलीकडे जनुकांच्या आधाराने हेच तपासतात, तेव्हा तो फायदा विरून जातो. माझं मत स्पष्ट आहे : थोड्या दारूने मेंदूचं फार मोठं नुकसान होतं असं मी म्हणणार नाही, जोखीम खरंच लहान असू शकते. पण फायदा म्हणून कुणी घेत असेल तर ते बंद करावं. आवडते म्हणून घेतो, हे कारण मला प्रामाणिक वाटतं. बीडीएनएफसाठी घेतो, हे वाटत नाही.

रक्तातलं बीडीएनएफ तपासून पाहायचा विचार असेल तर पैसे वाचवा. रक्तात ते मुख्यतः प्लेटलेटमध्ये साठलेलं असतं, आणि नमुना कसा घेतला, किती वेळ ठेवला यावर आकडा हलतो. तुमच्या स्ट्रायटममध्ये काय चाललंय ते त्यातून कळत नाही.

बीडीएनएफ हवंच असेल तर पायांना विचारा. २०११ मध्ये १२० ज्येष्ठांवर झालेल्या प्रयोगात आठवड्यातले तीन दिवस ४० मिनिटं भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षभरात सुमारे २ टक्क्यांनी वाढला, नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा तेवढ्या काळात घटला. (त्यात बीडीएनएफ रक्तातूनच मोजलं होतं, म्हणून त्या भागावर मी जोर देत नाही, आकार मात्र एमआरआयवर मोजलेला आहे.)

तुम्ही काय करावं? चार आठवडे पूर्ण बंद. 'कमी करतो' नको, कारण कमी करायला माप लागतं आणि माप तुमच्या हातात नाही हे आपण पाहिलंच. उशाशी एक वही ठेवा आणि जाग आली की फक्त वेळ लिहा, कारणं शोधत बसू नका. पहिल्या आठवड्यात झोप उलट जास्त बिघडेल. मेंदू आतून रेटत असतो, ते थांबायला दिवस लागतात. साडेआठला खुर्ची बोलावेल, तेव्हा ती खोली सोडा, शक्य तर चालायला जा. बहुतेकांना तिसऱ्या आठवड्यात फरक जाणवतो. चार आठवडे काढताच आले नाहीत तर लाजू नका, आणि लपवूही नका. ती माहिती कुठल्याही स्कॅनपेक्षा उपयोगाची आहे, ती घेऊन डॉक्टरकडे जा. नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं त्यासाठीच आहेत. वेदनेसाठी अफूवर्गातलं एखादं औषध चालू असेल तर ते आधी सांगायचं, नाल्ट्रेक्सोन त्याच्याबरोबर चालत नाही.

हे चार आठवड्यांचं सांगणं तुमच्या नोंदीवरून आहे, सरसकट सगळ्यांसाठी नाही. जो रोज भरपूर पितो, सकाळी ज्याचे हात थरथरतात, घाम फुटतो, घोट घेतल्यावर बरं वाटतं, त्याने आपल्या मनाने एकदम बंद करू नये. आतून रेटणारा तो जोर अशा माणसात इतका असतो की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, आणि यात माणसं दगावतात. त्याने डॉक्टरच्या देखरेखीखालीच थांबायचं, बी-१ जीवनसत्त्वासह.

महिन्यानंतर पुन्हा घ्यायचं ठरवलंत तर तो तुमचा निर्णय. फक्त पहिल्या संध्याकाळी ग्लास मोजून भरा, आणि त्या रात्री वहीत किती वाजले ते लिहा.